उजवं दार

चपला काढता काढता तिची नजर आतल्या खोलीतल्या पडद्यावर गेली आणि एक पाय चपलेत, एक बाहेर, अशी ती दारातच थबकली. बाबांचं विमान धावपट्टीच्या तोंडाशी उभं होतं, प्रोपेलर फिरत होता. ह्यात नवल काहीच नव्हतं, ती कामावरून यायच्या वेळी ते रोजच तिथे उभं असायचं. पण अंगावरचे कपडे तिचे नव्हते. कपडे हा बाबांचा शब्द. कॉम्प्युटरवर विमान उडवणारे लोक विमानाच्या रंगकामाला लिव्हरी म्हणतात, बाबा म्हणायचे कपडे. आज ह्याला कोणते कपडे घालू गं, असं ते सकाळी चहा पिताना विचारायचे, आणि खरं तर विचारण्यासारखं काही नव्हतंच, कारण घालायचे ते एकच, तिनं केलेले. सायीसारखा फिका रंग आणि त्यावर नाकापासून शेपटीपर्यंत गेलेला गडद हिरवा पट्टा. आता पडद्यावर होता तोही सायीचाच रंग, तोही हिरवाच पट्टा. दुसऱ्या कुणाला फरक कळलाही नसता. तिला दारातून कळला. मग तिनं दुसरी चप्पल काढली ती मुद्दाम जरा आपटूनच काढली.

"आलीस?" बाबा मान न वळवता म्हणाले. "ये, ये, बघ काय आलंय. धाकट्यानं पाठवलंय."

"धाकट्यानं?"

"स्वतः केलंय. आठवडाभर बसला होता म्हणे. आणि इथे कसं घातलं माहितीये का? तिकडे घरात बसून त्यानं आपला माऊस हलवला! मी नुसता खुर्चीत. बाण आपला आपण इकडून तिकडे पळतोय. भुताटकी नुसती." बाबा हसले, खोकले, पुन्हा हसले. मग टेबलावरची जॉयस्टिकची काठी पुढे ढकलत, विमान धावायला लागल्यावर, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "हे खरं."

हे खरं. ती स्वयंपाकघरात गेली, चहाचं आधण ठेवलं, साखर घातली, आणि घातली की नाही ते न आठवून पुन्हा घातली. हे खरं, म्हणजे आजवर होतं ते काय होतं? आता ह्यात एवढं जळण्यासारखं काय आहे, असं कुणीही म्हणेल. भाऊ लांब राहतो, दोन विमानं बदलून यावं लागेल अशा गावी. त्यानं म्हाताऱ्या बापासाठी एक चित्र रंगवून पाठवलं, बाप खूश झाला, बहिणीनंही कौतुक करावं आणि चहा प्यावा. बरोबर आहे. शहाण्यासारखं आहे. आणि शहाणी म्हणून तर तिचं घरात नाव होतं, लहानपणापासून. पण तो माऊस तिचा होता. तो कॉम्प्युटर तिनं घेतला होता, त्यातली एकेक फाइल तिनं आपल्या हातानं आपल्या जागी लावली होती, आणि धाकट्याचा हात इतक्या लांबून येऊन तिच्या कपाटातून फिरून गेला होता. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. औषधं वेळेवर देणारी ती, नखं कापणारी ती, रात्री खोकला वाढला की उशी उंच करणारी ती. आणि धाकटा वर्षाकाठी फोनवर चार वेळा हसतो आणि घरभर त्याचंच हसणं भरून राहतं. चहा गोडमिट्ट झाला होता. बाबा म्हणाले, छान झालाय.

तिचा धंदा रंग जुळवण्याचा. ठोकलेल्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात मागच्या बाजूला काचेची एक खोली आहे, तिथे ती बसते. गाडीचं दार चेपलं की नवं दार येतं, करड्या रंगाचं, कोरं. त्याला गाडीचा रंग द्यायचा. लोकांना वाटतं त्यात काय, कंपनीचा आकडा बघायचा आणि डबा उघडायचा. पण कंपनीचा रंग असतो तो कंपनीतून निघाली त्या दिवशीचा. गाडी तर उन्हात उभी राहिलेली असते, पावसात भिजलेली असते, कुणीतरी तिला वर्षानुवर्षं खरखरीत फडक्यानं पुसलेलं असतं. तो रंग कुठल्या आकड्यात नसतो. मग एक थेंब काळा, अर्धा थेंब पिवळा, पत्र्याच्या तुकड्यावर फवारायचं, बाहेर उजेडात न्यायचं, गाडीला लावून डोळे बारीक करून बघायचं, परत आत यायचं. तिनं जुळवलेलं दार कुठलं आणि मूळचं कुठलं हे गाडीच्या मालकालाही सांगता येत नाही. पत्रा ठोकणारा डेंटर म्हणतो, ताई, तुमचं दार खुद्द गाडीलाच ओळखू येत नसेल. ती वर पाहत नाही, पण दिवसभर ते वाक्य तिला पुरतं.

आई गेल्यावर बाबा भिंतीकडे तोंड करून बसायला लागले होते. नुसते बसायचे. टीव्ही नको, पेपर नको, कुणी आलं तरी हं हं करायचे. त्यांनी सगळी नोकरी एका फ्लाइंग क्लबात मेकॅनिक म्हणून केली होती, शिकाऊ लोकांची छोटी विमानं दुरुस्त करायची, आणि विमान चालवायचा परवानाही त्यांच्याकडे होता. मग तिनं हा उद्योग शोधून काढला. विमान उडवण्याचा प्रोग्राम घेतला, टेबलाला चापानं आवळून बसवायची काठी घेतली, आणि महिनाभर धुंडाळून नेमकं ते विमान मिळवलं. दोन आसनांचं, डोक्यावर पंख असलेलं, बाबांच्या हाताखालून गेलेलं तेच मॉडेल. प्रोग्रामबरोबर ते येत नव्हतं. कुठल्याशा देशातलं एक नवराबायकोचं जोडपं असली जुनी छोटी विमानं बनवून वेगळी विकत होतं. विमान आलं ते कंपनीच्या कपड्यात, पांढरं, निळ्या पट्ट्याचं. बरोबर रंगवायला एक कोरा नकाशा, त्यात विमानाचे पंख, पोट, शेपटी, दारं असं सगळं सुटं सुटं सपाट पसरलेलं, शिंप्यानं कापड कापून टेबलावर मांडावं तसं. तिच्याकडे बाबांच्या विमानाचा एकच फोटो होता. डाव्या बाजूनं काढलेला. बाबा तरुण, पंखाच्या आधारदांडीवर हात टेकून उभे. तेवढ्यावरून तिनं काम सुरू केलं. पत्रे जोडणारा एकेक रिव्हेट. पट्ट्याची जाडी दाराच्या कडीशी किती, खिडकीखाली किती. बाबांच्या शर्टाचा रंग, त्याच शर्टाचं ठिगळ लावलेल्या आईच्या एका जुन्या चादरीशी ताडून तिनं फोटो किती पिवळा पडलाय ते काढलं आणि त्यावरून खरा साय-रंग काढला. उजवी बाजू फोटोत नव्हती, तर डावीच आरशासारखी उलटी करून तिकडे लावली. असं केलं की उजवीकडची अक्षरं उलटी होतात, नवशिके हटकून तिथेच आपटतात; तिनं अक्षरं पुन्हा सुलटी लिहिली. सगळं झाल्यावर बाबांना आणून बसवलं. त्यांनी पडद्यावर विमानाभोवती एक चक्कर मारली. मग म्हणाले, छान केलंस.

ते छान तिनं किती वर्षं जपून ठेवलं होतं. ते कपडे तिनं नंतर इंटरनेटवर ठेवले, जगातल्या कुठल्या कुठल्या लोकांनी उतरवून घेतले. सर, अप्रतिम, असं लिहिलं. सर! तिनं कधी दुरुस्त केलं नाही, उलट मजाच वाटायची. सरांचा हात कमालीचा आहे. सर, पुढचं कधी? पण त्या सगळ्या सरांची बेरीज करून बाबांच्या एका छानएवढी झाली नसती. आणि आता त्या छानच्या शेजारी हे खरं येऊन बसलं होतं आणि छान एवढंसं होऊन गेलं. पिकतं तिथे विकत नाही, हे तिला कळत होतं. धाकट्याचे नव्याचे नऊ दिवस, हेही कळत होतं. कळून काय करायचं. दुसऱ्या दिवशी कामावर तिनं एका साध्या राखाडी गाडीचा रंग तीनदा चुकवला आणि डेंटरनं विचारलं, ताई, घरी सगळं ठीक ना?

घरी सगळं नेहमीसारखंच होतं. लहानपणीही नेहमीसारखंच असायचं. रविवारी बाबा धाकट्याला क्लबात घेऊन जायचे. क्लबात एक रीत होती: ज्यानं विमान दुरुस्त केलं त्यानं पहिली चक्कर मारायची, आणि ती एकट्यानं नाही, आपल्या घरचं माणूस शेजारी बसवून. पोटच्या पोराला घेऊन वर जातोय म्हणजे स्क्रू नीट आवळलेत, अशी ती हमी. हमी म्हणजे धाकटा. उजवीकडच्या आसनावर उशी ठेवून त्याला बसवायचे. तिनं एकदा विचारलं होतं, मी का नाही? बाबा म्हणाले, तिथे मुलींची सोय नाही. आई भाजी चिरता चिरता म्हणाली, दोघांना नेऊ नका, एक तरी मागे राहू दे. तेव्हापासून ती मागे राहिली ती राहिलीच. लग्न होऊन गेली तेव्हाही फार लांब गेली नाही, आणि परत आली तेव्हा तर प्रश्नच मिटला. तो विषय घरात निघत नाही. रविवारी संध्याकाळी धाकटा बाबांच्या खांद्यावर झोपून यायचा, अंगात बाबांचा स्वेटर, बाह्या गुडघ्यापर्यंत लोंबणाऱ्या. वर थंडी वाजते त्याला, बाबा सांगायचे. तो स्वेटर घडी घालायचं काम तिचं. घडी घालायच्या आधी ती त्यात तोंड खुपसायची. पेट्रोल, वंगण आणि आणखी काहीतरी, जे खाली जमिनीवर कुठेच नसायचं. एकदा तिनं तो स्वेटर घालूनही बघितला, मोरीत कडी लावून. तिला उकडलं.

आणि धाकट्याचे प्रताप! आईच्या शिलाई मशीनचं चाक त्यानं विमानाचं म्हणून काढलं आणि फोडलं. शाळा बुडवून क्लबाच्या कुंपणाशी जाऊन बसला. पुढे मोठा झाल्यावर परीक्षेला बसलाच नाही आणि पेपर बरा गेला म्हणून सांगत आला. दर वेळी बाबा निस्तरायचे आणि दर वेळी मग तिच्याकडे वळून, आवाज खाली आणून, म्हणायचे: "आईला सांगू नकोस हं, मोठे." ती नाही सांगायची. तिच्या पोटात धाकट्याची इतकी गुपितं होती की तिच्या स्वतःच्या गुपितांना जागाच राहिली नाही. तसं गुपित ठेवण्यासारखं तिनं केलंही काही नाही. कपबशी फोडली नाही की खोटं बोलली नाही. कधी कधी तिला वाटायचं, बाबा धाकट्याबद्दल ते वाक्य बोलताना त्यांच्या डोळ्यांत राग नसतो, वेगळंच काहीतरी असतं, चोरून खाऊ खाताना असतं तसं. ते आपल्या वाट्याला यायला काय फोडावं लागेल? मशीनचं चाक तर आधीच फुटलं होतं.

शनिवारी सकाळी बाबा आंघोळीला गेले तशी ती धाकट्याच्या फाइली उघडून बसली. का, तर नुसतं बघायला. पहिल्यांदा तिनं उजवीकडची अक्षरं बघितली. सुलटी होती. हं. मग नाकाशी गेली, तिथे दोन कापडं जुळतात, आणि पट्टा चांगला बोटभर सरकला होता. अस्सं! चमक तर अशी की नवं स्टीलचं पातेलंच. हिरवा निळसर मारत होता. तिचा जीव जरा जाग्यावर यायला लागला. आणि मग ती उजव्या दाराशी आली आणि मोठ्यानं हसली, एकटीच. दार पांढरं होतं! पांढरं, आणि त्यावर निळा पट्टा. हिरवा पट्टा नाकापासून येतो, दाराशी तुटतो, दारावर निळा, आणि पलीकडे पुन्हा हिरवा. म्हणजे गडी कंपनीच्या रंगाचा थर झाकायलाच विसरला, सगळं विमान रंगवलं आणि दार तसंच ठेवून दिलं. असली चूक शिकाऊ पोरंसुद्धा एकदाच करतात. बाथरूममधून बाबांच्या तांब्याचा आवाज येत होता आणि ती दाराकडे बघत गालातल्या गालात हसत होती. किती दिवसांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

चहाच्या वेळी तिनं अगदी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "तुमच्या लेकाचं उजवं दार रंगवायचंच राहिलंय हो. कंपनीचं तसंच आहे."

बाबांनी बशीतला चहा फुंकला. "राहिलं नाही. ते तसंच होतं."

"तसंच म्हणजे?"

"क्लबातलं दुसरं एक विमान वाऱ्यानं उलटलं होतं. त्याचं दार तेवढं शाबूत राहिलं, ते मी ह्याला बसवलं. रंगवू रंगवू म्हणत राहूनच गेलं. मग सगळे त्याच खुणेनं ओळखायला लागले. निळ्या दाराचं कुठाय, निळ्या दाराचं काढा."

तिनं कप खाली ठेवला. "मग मला का नाही सांगितलंत?"

"तू इतक्या हौसेनं केलं होतंस," बाबा म्हणाले. "चांगलं दिसत होतं की."

ते सरळ म्हणाले असते की तुझं चुकलं, तर बरं झालं असतं. कारखान्यात चुकलं की मालक खेकसतो, ती डबा पुन्हा उघडते, विषय संपतो. पण इतकी वर्षं हा माणूस रोज भलत्याच विमानात बसून उडत होता, उजवीकडे मान वळवली की भलतंच दार बघत होता, आणि मूग गिळून बसला होता. का, तर लेकीनं हौसेनं केलंय. लहान मुलानं घर काढावं, त्याला दार काढायचं विसरावं, आणि मोठ्यांनी वा वा म्हणावं. छान म्हणजे ते छान होतं! तिच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि राग नक्की कुणाचा तेही धड कळेना. बाबांचा म्हणावा तर ते बशीत बिस्कीट बुडवत होते, आणि बिस्कीट तुटून पडू नये म्हणून त्यांची सगळी धडपड चालली होती. तिच्याकडे फोटो होता तो डाव्या बाजूचा. डावी बाजू, जी कुंपणावरून दिसते, जी फोटोत येते, जी सगळ्यांना दाखवायची असते. उजवीकडे धाकटा बसला होता. त्याला फोटोची गरजच नव्हती, ते दार त्याच्या कोपराला लागत होतं. तिनं एकेक रिव्हेट मोजून बसवला आणि त्यानं आठवडाभर आळशासारखं रंग फासून खरं विमान काढलं. त्याचं सगळं चुकलं होतं आणि दार बरोबर होतं. तिचं सगळं बरोबर होतं.

त्या दिवशी तिचं काम अर्धा दिवस होतं. निघताना कारखान्याच्या आवारात, ठोकलेल्या गाड्यांच्या रांगेत उभी राहून तिनं धाकट्याला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"ताई! बघितलंस का गं?" पलीकडून धाकटा ओरडलाच. "हसू नकोस हं. तुझ्यापुढे म्हणजे अगदीच पोरखेळ आहे. ते नाकापाशी जुळतच नाही गं काही केल्या. आणि चमकतंय किती! तू एकदा हात फिरवशील का त्यावर? तुझा हात लागला की माणसात येईल ते."

"बघते," ती म्हणाली.

"आणि दार? दार आठवतं ना तुला?"

एका गाडीच्या फुटक्या आरशात तिचा अर्धा चेहरा दिसत होता. "आठवतं की," ती म्हणाली.

तो वाईट असता तर किती सोपं होतं! मत्सर करायला माणूस जरा तरी नालायक असावा लागतो, नाहीतर सगळा जाळ आपल्याच अंगाला. घरी जाताना रस्ताभर ती त्याचं बोलणं उलटंसुलटं करून त्यात काहीतरी टोचणारं शोधत होती. पोरखेळ म्हणाला, म्हणजे मनातून चांगलं झालंय असं वाटत असणार. माणसात येईल म्हणाला, म्हणजे राबायला मी. पण काही जमेना. तो साधा बोलला होता. लहानपणीही साधाच होता, म्हणून तर चाक फोडून निवांत झोपायचा.

बाबा जेवून आडवे झाले होते. ती कॉम्प्युटरशी बसली. हात फिरव म्हणाला होता, तेव्हा तिनं हात फिरवला, चोख. नाकाशी पट्टा जुळवला. चमक उतरवली, इतकी की उन्हात वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या पत्र्याची व्हावी. हिरव्यातला निळा काढला, अर्धा थेंब पिवळा. पोटाखाली वंगणाचा ओघळ धाकट्यानं काढला होता तो सरळ रेघेसारखा होता, तो वाऱ्यानं मागे फरपटल्यासारखा केला. त्याचं विमान आता त्याच्यापेक्षा जास्त त्याचं झालं. आणि मग ती उजव्या दाराशी आली. तिथे तिला कुणी हात लावायला सांगितलं नव्हतं. तिचा हात मात्र थांबला नाही. पांढऱ्यावर तिनं सायीचा रंग चढवला. निळा पट्टा पुसला, हिरवा पुढून आत आणला आणि पलीकडे नेऊन सोडला, धागा ओवावा तसा. कडीभोवती बोटांनी झिजलेला रंग, खालच्या कडेला धुळीची रेघ, सगळं. दार बदललंय हे कुणाला कळू नये, हाच तर तिचा धंदा. आणि इतकं सुरेख दार तिनं उभ्या जन्मात जुळवलं नव्हतं. जुनी फाइल तिनं पुसली. मग त्या जागी आपली ठेवली. मग हात मांडीवर घेतले.

तिला जागेवर बसवेना. हे तिच्या ओळखीचं नव्हतं. उठून ती स्वयंपाकघरात गेली, दोन धुतलेली भांडी पुन्हा धुतली. परत जाऊन पूर्ववत करावं का? आता कसं करणार, फाइल पुसली. धाकट्याकडे असेल, मागून घ्यावी. काय सांगून मागायची? ती पन्नाशीची बाई, केसांना रंग लावणारी, चाळिशी नाकावर असलेली, ओट्याशी उभी राहून बाप कधी उठतो ह्याची वाट बघत होती आणि तिला वाटत होतं, कुठेतरी लपावं. धाकट्याला चाक फोडल्यावर असंच होत असेल का? त्याला तर झोप लागायची.

पलंग करकरला. चपला फरफटत बाबा खोलीत गेले, खुर्ची ओढली, पहिल्यांदा टेबलफॅन लावला. हा पंखा घरातला जुना तंटा होता. कॉम्प्युटरच्या उजव्या अंगाला स्टुलाशेजारी तो ठेवलेला, कायम पूर्ण जोरात. बाबांच्या अंगावर वारा हवाच. त्याशिवाय उडाल्यासारखं वाटत नाही म्हणायचे. हिवाळ्यातसुद्धा शाल पांघरून पंखा चालू. ती कधी स्टुलावर शेजारी बसली की सगळा झोत तिच्या मानेवर यायचा, मान आखडायची, बंद करा हो जरा म्हटलं तर ते ऐकू न आल्यासारखं करायचे. शेवटी ती तिथे बसेनाशी झाली, दारातून बघायची. आताही ती चहाचा कप घेऊन दारात येऊन उभी राहिली.

उडायच्या आधी बाबा विमानाला चक्कर मारायचे. पडद्यावरच, बटण दाबून, पण खऱ्यासारखी, मेकॅनिकची सवय. डावा पंख. चाक. नाक, तिथे ते जरा थांबले, मान हलवली. जुळलं होतं ना. मग नाकाला वळसा घालून उजवीकडे. आधारदांडी. मग दार.

बाबा थांबले. चष्मा कपाळावर नेला, पुन्हा नाकावर आणला, पडद्याजवळ वाकले. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. तिनं कप बशीत टेकवला तो वाजला. आता म्हणतील. म्हणू देत. हे काय केलंस म्हणतील, आणि मी म्हणेन, आणि मी काय म्हणेन? बाबांना कपाचा आवाज गेला असणार, कारण त्यांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. ते काही तिच्याकडे असं बघायचे नाहीत. मग पुन्हा दाराकडे बघितलं.

"दार नवं आलं वाटतं," ते म्हणाले.

तिनं कपबशी दोन्ही हातांत धरली.

"बरं झालं. जुनं नीट बसलंच नव्हतं कधी. फटीतून वारा यायचा नुसता. पोर कुडकुडायचं." त्यांनी बोटानं पडद्यावरच्या दाराची कड चाचपली, वरपासून खालपर्यंत. "हे मस्त बसलंय. कळत नाही अगदी."

"बाबा, मी..."

"धाकट्याला सांगू नकोस हं, मोठे," बाबा म्हणाले. आवाज खाली आणून, पलीकडच्या खोलीत कुणीतरी असावं तसे. आणि डोळ्यांत तेच, चोरून खाऊ खाताना असतं ते.

ती दारातून आत कशी आली ते तिला कळलं नाही. कप टेबलावर ठेवला तो सांडला. ते वाक्य तिनं किती वेळा ऐकलं होतं, दर वेळी दुसऱ्यासाठी. त्याचा भार वाहून वाहून तिची पाठ वाकली होती, आणि आज ते तिच्यासाठी निघालं होतं तर तिला ते कुठे ठेवावं तेच समजेना. रडू येत होतं आणि लाजही वाटत होती, आणि त्यातही खोल कुठेतरी, काय सांगावं, धाकट्याचा हेवा अजून शिल्लकच होता: त्याला हे लहानपणी मिळालं होतं, फुकट, पोटभर.

बाबांनी पायानं स्टूल तिच्याकडे सरकवलं. उजवीकडचं. "बस. चक्कर मारून येऊ. ज्यानं दुरुस्त केलं त्यानं आधी घरचं माणूस घेऊन जायचं, रीत आहे."

"दुरुस्त मी केलंय."

"मग मी घरचं माणूस. बस म्हणतो ना."

ती बसली. त्यांनी काठी पुढे केली. धावपट्टी सरकायला लागली, खिडकीखालून गवत पळायला लागलं, मग गवत खाली राहिलं. पंख्याचा झोत तिच्या मानेवर येत होता. तिनं पदर ओढून घेतला आणि समोर बघत राहिली. बाबांनी एकदा तिरपी नजर टाकली.

"वारा लागतो का गं?"

नाही म्हणायचं तिच्या जिभेवर आलं होतं. आजवर ती तेच म्हणत आली होती.

"लागतो," ती म्हणाली.

बाबांनी डाव्या हातात काठी धरून ठेवली, तिच्यापुढून उजवा हात लांब केला आणि पंखा बंद केला.